सावळाराम कंट्रोलर आणि आंघोळीची गाडी

मंचरच्या स्टँडवर ज्यांनी पूर्वी कधी गाडीची वाट पाहिली असेल, त्यांच्या कानात सावळाराम औटींचा आवाज अजून कुठेतरी बसलेला असणार. चेहरा कुणाला आठवायचा नाही, कारण ते स्टँडचे कंट्रोलर, कायम जाळीच्या खिडकीमागे. पण आवाज! "प्रवाशांनी लक्ष द्यावे" म्हणताना ते 'लक्ष'वर असा जोर द्यायचे, की चहाचा कप तोंडाला लावलेला माणूससुद्धा घोट गिळायचा थांबे. "घोडेगाव, डिंभेमार्गे आहुप्याला जाणारी गाडी" म्हणताना आवाज घाट चढल्यासारखा वर वर जाई आणि 'आहुपे'वर टेकून दम खाई. एकदा नारायणगावला निघालेली एक म्हातारी सरळ आहुप्याच्या गाडीत जाऊन बसली. कंडक्टरनं उतरवायला घेतलं तर म्हणाली, "एवढ्या मानानं बोलावल्याव न्हाई कसं म्हनायचं?"

सावळाराम निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आवाज मात्र कुणी परत मागितला नाही. तो घेऊन ते घोडेगाव रस्त्याच्या औटीमळ्यात घरी आले, आणि घरातल्यांचे हाल सुरू झाले. कारण घरात काय जाहीर करणार? त्यांनी ओसरीवरून "प्रयागबाई, चहा!" अशी हाक दिली की शेजारच्या मळ्यातले दोघं-तिघं टॉवेलला हात पुसत चहाला हजर व्हायचे.

"आवो, मी इथं हातभर लांब हाय," प्रयागबाई म्हणायच्या. "मी बहिरी न्हाई. पन होईन आता."

घरात थोरला अमृत, तो चाकणला कंपनीत कामाला. त्याची बायको समृद्धी. धाकटा भरत, त्याची टोमॅटोची रोपवाटिका आणि लग्नाचं वय. आणि अमृतची लेक आरोही. तीन वर्षांची झाली होती. कुरळे केस, गाल असे की बघणाऱ्याचा हात आपोआप पुढं व्हावा. पण आरोही कुणाच्या हाताला लागत नसे. आजोबांच्या ज्या आवाजानं अख्खा स्टँड मान वळवायचा, त्या आवाजात "आरोही" म्हटलं तरी ती वळत नसे. डब्यांची झाकणं काढून ती ओसरीपासून गोठ्यापर्यंत एका ओळीत मांडायची, आणि कुणी त्यातलं एक जरी सरकवलं तरी तिला कळायचं. बोलणं एका शब्दाचंही नाही. आंघोळ, जेवण, कपडे, काहीही करायला उचललं की अशी किंचाळायची की म्हशीच्या पाठीवरचे बगळे उडून जायचे.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं मध चाटवा, कुणी म्हणालं वेखंड उगाळा. एका पाहुण्यानं सांगितलं, पोपटानं खाल्लेला उष्टा पेरू द्या, पोर पोपटासारखी बोलेल. प्रयागबाई रानोमाळ हिंडून चोच मारलेले पेरू गोळा करून आणू लागल्या. आरोहीला पेरू आवडत नसे. टाकायचे कसे, म्हणून ते सावळारामांनी खाल्ले, आणि ते आणखीच बोलायला लागले.

मग एक दिवस अमृत आणि समृद्धी तिला पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. कान तपासले, ते अगदी उत्तम निघाले. बाकीच्या तपासण्या झाल्या. संध्याकाळी परत आल्यावर अमृतनं ओसरीवर बसून सांगितलं, "आण्णा, आरोहीला ऑटिझम हाय. स्वमग्नता म्हंत्यात."

"मग गोळी कोनती दिली?"

"गोळी न्हाई. रोग न्हाई हा. तिचं डोकंच जरा येगळं चालतं. शिकवायचं, खेळायचं, आपुन समजून घ्यायचं."

सावळाराम उठून विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले. त्यांचा आवाज बंद झाल्याचं त्या दिवशी घरानं पहिल्यांदा ऐकलं, आणि शेजारच्या मळ्यातला माणूस "आण्णा बरं हायेत ना?" म्हणून विचारून गेला.

त्यानंतर काही दिवसांनी स्कूटीवरून हर्षाली मॅडम आल्या. त्या फिरत्या विशेष शिक्षिका. अशा लहान मुलांच्या घरी जायचं, मुलांना शिकवायचं आणि त्याहून जास्त घरातल्यांना शिकवायचं, हे त्यांचं काम. पाठीवर ही मोठी पिशवी. आदल्याच आठवड्यात पाण्याचं मशीन विकणारी एक बाई अशीच पिशवी घेऊन आली होती, त्यामुळे प्रयागबाईंनी दारातूनच हात हलवला.

"आमाला मशीन नको बाई. आमची हिर हाय."

"मावशी, मी आरोहीला भेटायला आलेय."

"तिला तर आजाबात नको मशीन."

समृद्धी आतून धावत आली आणि मॅडम घरात आल्या. आल्या आणि थेट जमिनीवर आडव्या झाल्या. शहाबादी फरशीवर गाल टेकवून, झाकणांच्या ओळीकडं एक डोळा मिटून बघत राहिल्या.

"भरत, पानी आन! हिला चक्कर आली," प्रयागबाई ओरडल्या.

"मला काही नाही झालं मावशी. आरोहीला इथून काय दिसतं ते बघतेय." मग त्यांनी पिशवीतून एक झाकण काढलं आणि ओळीच्या शेवटी हळूच ठेवलं. आरोहीनं झाकणाकडं बघितलं. मग मॅडमच्या हाताकडं. मग, अगदी पापणी लवायला लागते तेवढा वेळ, मॅडमच्या तोंडाकडं. समृद्धीनं पदराचं टोक दातात धरलं.

चहा झाल्यावर मॅडमनी समजावलं. आधी तिच्या खेळात आपण शिरायचं, मग ती आपल्यात येईल. आणि काहीही बदलायचं असेल तर आधी सांगायचं. रोज तेच शब्द, रोज तीच पद्धत. "तुम्ही तिला खेळातून एकदम उचलून न्हाणीत नेता. तिला काय होतंय ते कळत नाही. आण्णा, तुम्हाला कुणी असं बसल्या जागेवरून उचललं तर?"

"मला कोन उचलतंय?" सावळाराम पोटावर हात फिरवत म्हणाले.

"समजा हो."

"समजू कसं? मला उचलायचं म्हंजी क्रेन लागंल."

मॅडमनी भरतकडं नुसतं पाहिलं. भरत रोपांची क्रेट उचलणारा गडी. त्यानं मागून येऊन बापाच्या काखेत हात घातले आणि काही न सांगता वर उचललं. सावळारामांनी जी किंकाळी मारली ती नातीच्याही वरताण निघाली. धोतराचा सोगा एकीकडं, चहाची बशी दुसरीकडं. म्हैस दावं तोडायला लागली.

आणि आरोही हसली. खळखळून हसली. तिच्या हसण्याचा आवाज घरानं तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि सगळे जिथल्या तिथं थांबले. सावळारामही भरतच्या हातात लोंबकळत थांबले.

"कळलं," खाली ठेवल्यावर ते पुटपुटले. "सांगितल्याबिगर उचलायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र जुनाच तमाशा. पाणी तापलेलं, आरोही बाजेखाली शिरून बसलेली. समृद्धी गोड बोलून थकली. प्रयागबाईंनी बाजेखाली हात घातला आणि चावा बसल्यावर बाहेर काढला. आधी सांगायचं, पण सांगायचं कसं? सावळाराम येरझाऱ्या घालत होते. शेवटी काय झालं कोण जाणे. थांबलेली गाडी बघितल्यावर त्यांच्या अंगातला कंट्रोलर जागा झाला असावा. त्यांनी घसा खाकरला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. ओसरीहून न्हाणीला जाणारी आंघोळीची गाडी, थोड्याच वेळात, फलाट क्रमांक एकवर लागत आहे."

बाजेखालचं रडणं थांबलं.

सावळारामांचा आवाज आपसूक घाट चढू लागला. "आंघोळीची गाडी साबणमार्गे टॉवेलला जाईल. प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात!"

बाजेखालून एक कुरळं डोकं बाहेर आलं. मग आरोही उभी राहिली, आजोबांच्या धोतराचा सोगा धरला आणि न्हाणीच्या दिशेनं निघाली. प्रयागबाई चावलेलं बोट तोंडात धरून बघत राहिल्या.

त्या दिवसापासून औटींच्या घराचा स्टँड झाला. वरणभाताची गाडी, केस विंचरण्याची गाडी, झोपेची मुक्कामी गाडी. आरोहीला नेमकी तीच चाल, तेच शब्द लागत. समृद्धीनं प्रयत्न केला, पण तिला मध्येच हसू येई आणि गाडी बंद पडे. अमृतनं आवाज काढला तर आरोहीनं उठून त्याच्या तोंडावर हात ठेवला. प्रयागबाईंनी एकदा धीर करून "परवाश्यांनो, गुमान चला" असं जाहीर केलं. त्याला कुणीच प्रतिसाद दिला नाही, म्हशीनंसुद्धा नाही.

त्यामुळे सावळारामांना घर सोडून कुठं जाता येईना. एकदा ते मंचरला दाढीला बसले होते. अर्धी दाढी झाली तोच फोन आला, "आण्णा, जेवणाची गाडी अडकलीय." ते एका गालावर फेस घेऊन तसेच भरतच्या मोटारसायकलवर बसून घरी आले, गाडी जाहीर केली, नातीला जेवू घातलं आणि उरलेला गाल घेऊन परत गेले. मग भरतनं युक्ती काढली आणि सगळ्या गाड्या मोबाइलमध्ये भरून ठेवल्या. ती दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी कुणाचं तरी बोट चुकीच्या जागी पडलं, जेवता जेवता आंघोळीची गाडी लागली, आणि आरोहीनं वरणाची वाटी सरळ डोक्यावर ओतून घेतली.

हर्षाली मॅडमना हे सगळं सांगितलं तर त्या भिंतीला टेकून हसल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, "आण्णा, तुम्ही भारी काम केलंत. पण सगळं तुमच्या घशावर चालून कसं भागेल? आणि सारखं तुम्हीच बोलताय. तिनं कधी सांगायचं?"

"ती कुठं बोलतीय?"

"बोलत नाही, पण सांगू शकेल. तिला तिकीट द्या."

मॅडमनी फोटो काढून पुठ्ठ्यावर चिकटवले. बादलीचा फोटो, ताटाचा, झोक्याचा, संडासाच्या दाराचा. ज्याची गरज असेल ते तिकीट आरोहीनं आणून द्यायचं, आणि ते ज्याच्या हातात पडेल त्यानं गाडी सोडायची. म्हणजे मग आईच्या हातूनही गाडी सुटेल. सावळारामांना ही गोष्ट इतकी पटली, की ते एका निवृत्त कंडक्टरच्या घरी जाऊन त्याचा जुना तिकीट टोचायचा चिमटा मागून घेऊन आले. दर तिकिटाला कट्ट करून भोक. आरोही त्या आवाजावर खूश. थोड्याच दिवसांत झोक्याच्या तिकिटाची चाळण झाली आणि फोटोतला झोका ओळखू येईना.

आता गोष्ट भरतच्या लग्नाची. जुन्नरच्या पुढच्या एका गावातली, शेट्यांची अक्षदा त्याला पसंत पडली होती, आणि तिलाही तो. राहिलं होतं ते मुलीकडच्यांनी घर बघायला येणं. अक्षदाचे वडील धोंडीभाऊ, तिचे चुलते आणि आजी ठमाबाई, असे तिघं येणार होते.

प्रयागबाईंनी आदल्या दिवशी हळूच विषय काढला. "समृद्धी, एक दिस आरोहीला तुझ्या आईकडं नेऊन ठिवू का? नवी मानसं यायची. तिला पन तरास, आन..." पुढचं त्यांनी गिळलं.

समृद्धी आत गेली आणि पिशवी भरायला बसली. सावळाराम पाणी प्यायला आत आले तेव्हा ती छोटा फ्रॉक घडी घालत होती, उलगडत होती, परत घडी घालत होती. शेजारी आरोही बसून आपली तिकिटं एकेक करून पिशवीत टाकत होती. सावळारामांनी भरलेला तांब्या तसाच खाली ठेवला.

"पिशवी रिकामी कर," ते म्हणाले. "कुनी कुठं जायचं न्हाई."

"आवो, पन पावन्यांसमूर तिनं काय केलं तर?" प्रयागबाई दारातून म्हणाल्या.

"ती काय करनार हाय? करतोय तो मीच. उद्या मी तोंडच उघडत न्हाई. मग तर झालं?"

आणि त्यांनी शब्द पाळला. पाहुणे आले, राम राम झाला, सावळारामांनी नुसते हात जोडले. धोंडीभाऊंनी पाऊसपाणी विचारलं, त्यांनी मान हलवली. टोमॅटोचा भाव विचारला, त्यांनी भरतकडं बोट केलं. ठमाबाई त्यांच्याकडं कौतुकानं बघत म्हणाल्या, "लई अबोल मानूस. घरात शांतता आसंल." प्रयागबाईंना ठसका लागला.

पोहे आले. चुलते मात्र अस्वस्थ होते. एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर, दुसऱ्यावरून पहिल्या. प्रयागबाईंना वाटलं, घर पसंत नाही. त्यांनी पोह्यांवर आणखी खोबरं टाकलं.

इतक्यात आतल्या दारातून आरोही आली. पाहुण्यांकडं तिनं बघितलंही नाही. सरळ आजोबांसमोर उभी राहिली आणि त्यांच्या हातात तिकीट ठेवलं.

संडासाचं दार.

सावळारामांनी तिकीट मुठीत दडवलं आणि कुजबुजत म्हणाले, "जा की बाळा, आईकडं जा." आई आत भजी तळत होती. आरोहीनं मूठ उघडली, तिकीट काढलं आणि या वेळी ते आजोबांच्या नाकावर दाबून धरलं. सावळारामांनी अगदी हळू, ओठ न हलवता, गाडी सोडून बघितली. आरोही जागची हलेना. तिला रोजच्यासारखी गाडी पाहिजे होती. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागली. वेळ फार थोडा उरला होता, हे त्या ओसरीवर फक्त आजोबांना आणि नातीला ठाऊक होतं.

सावळारामांनी बायकोकडं एकदा माफीच्या नजरेनं बघितलं आणि उठून उभे राहिले. खिशातून चिमटा काढला. कट्ट.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे! ओसरीहून, अंगणमार्गे, संडासला जाणारी जलद गाडी फलाटावर लागलेली आहे! ही गाडी मध्ये कुठेही थांबणार नाही! प्रवाशांनी घाई करू नये, पण उशीरही करू नये!"

धोंडीभाऊंच्या हातातला पोह्यांचा चमचा वाटेतच थांबला. भरतनं डोळे मिटून घेतले. शेजारच्या मळ्यातून कुणीतरी "आलो, आलो" म्हणून ओरडलं. आरोही ताठ मानेनं पुढं, तिच्यामागं सावळाराम, असे दोघं अंगणात उतरले.

तेवढ्यात चुलते उठले. "मला पन त्याच गाडीनं जायचं व्हतं," ते खाली बघत म्हणाले. "जुन्नरपासनं धरून बसलोय. इचारायची लाज वाटत व्हती." आणि ते रांगेत तिसरे लागले.

ठमाबाईंना आधी खोकला आला असं सगळ्यांना वाटलं. पण ते हसू होतं. त्या तोंडावर पदर धरून हसत राहिल्या, हसता हसता त्यांची कवळी सुटली, ती त्यांनी बशीत झेलली आणि पुन्हा हसल्या. मग हळूहळू त्यांचं हसणं बदललं. प्रयागबाईंच्या ते आधी लक्षात आलं, आणि त्या पाण्याचा तांब्या घेऊन जवळ जाऊन बसल्या.

"आमच्यात पन हाय," ठमाबाई कवळी बसवून म्हणाल्या. "माझ्या नातवाचा मुलगा, इघ्नेश. पाच वर्साचा. बोलत न्हाई. मानसं दिसली की कान झाकून कोपऱ्यात जातो. तुमी पोरगी बघाया आला व्हता ना, तवा त्याला माडीवर ठिवला व्हता. भायरनं कडी घालून. आज शेजारनीकडं ठिवून आलोय." त्यांनी धोंडीभाऊंकडं बघितलं. "सांगू नगं म्हनला व्हता ह्यो. पन आता कशाला झाकायचं? हितं तर संडासाची बी दवंडी पिटत्यात."

धोंडीभाऊ खाली मान घालून पोहे चिवडत बसले. "सोयरीक मोडायची भीती वाटली वो," एवढंच म्हणाले.

समृद्धी भज्यांचं ताट घेऊन दारात उभी होती. ती आली, ताट खाली ठेवलं आणि ठमाबाईंच्या गुडघ्याशी बसली. "आजी, तो खातो का नीट? झोपतो का?" इतकं साधं तिनं विचारलं आणि मग दोघींचं जे बोलणं सुरू झालं, ते पाहुण्यांची गाडी चुकली तरी संपेना. आरोही परत येऊन चुलत्यांच्या चपला एका ओळीत लावत बसली. जाताना धोंडीभाऊ म्हणाले, "घर बघाया आलो व्हतो. बघितलं. आमचं ठरलं."

पुढच्या आठवड्यात सावळाराम चिमटा, पुठ्ठे आणि दांडगा आत्मविश्वास घेऊन शेट्यांच्या घरी गेले. विघ्नेश ज्वारीच्या कणगीमागं बसला होता. सावळारामांनी छाती फुगवली आणि आवाज सोडला. "प्रवाशांनी लक्ष..."

पुढं काही बोलायला मिळालंच नाही. कणगीमागून पितळी फुलपात्र आलं आणि कपाळावर बसलं. पाठोपाठ विघ्नेशचा असा आकांत, की सावळाराम चपला न घालता अंगणाबाहेर गेले.

"आण्णा, सगळ्यांना एकच गाडी कशी चालेल?" हर्षाली मॅडम फोनवर म्हणाल्या. "आरोहीला आवाज लागतो, विघ्नेशला आवाज बोचतो. त्याच्या वाटेनं जा."

सावळारामांच्या आयुष्यात हळू बोलायची वेळ कधी आली नव्हती. घरी येऊन त्यांनी आरशासमोर सराव सुरू केला. पहिले काही दिवस त्यांच्या कुजबुजण्यानं मांजर पळून जायचं. पण ते शिकले. पुन्हा गेले, कणगीजवळ पाठमोरे बसले आणि काहीच बोलले नाहीत. विघ्नेश ज्वारीचे दाणे वाटीतून वाटीत ओतत होता, तेही ओतू लागले. तासभर ओतले. ठमाबाईंनी येऊन विचारलं, "पावणं, चा?" तर त्यांनी ओठावर बोट ठेवलं. शेवटी विघ्नेशनं मागं न बघताच आपली वाटी त्यांच्या वाटीत रिकामी केली. सावळाराम घरी येऊन हे प्रयागबाईंना कुजबुजत सांगत होते, तर त्यांना ऐकूच येईना. "मोठ्यानं बोला की," त्या वैतागल्या. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.

लग्न झालं ते बिनडीजेचं. भरतच्या मित्रांनी तोंडं वाकडी केली आणि जेवणावर राग काढला. मांडवामागं एका खोलीत गाद्या घालून, पडदे लावून ठेवले होते, दोन्ही पोरांना गर्दी नको झाली की तिथं जाता यावं म्हणून. मंगलाष्टकं झाल्यावर बघावं, तर त्या खोलीत पाच-सहा पोरं. आणि त्यांच्या आया. कुणाची मुलगी चालत नव्हती, कुणाच्या मुलाला ऐकू येत नव्हतं, कुणाचं अजून नीट कळलंच नव्हतं. एवढी घरं आजवर कुठं दडली होती, म्हणून सावळाराम दारात उभे राहून बघत राहिले.

त्यातून जुन्नरला महिन्यातून एकदा सगळ्या घरांनी जमायचं ठरलं. हर्षाली मॅडम एका शाळेची खोली मिळवतात. तिथं पहिल्या दिवशी येणारा बाप खुर्चीवर ताठ बसतो आणि थोड्या वेळानं साडीच्या बोगद्यातून रांगताना दिसतो. एक पैलवान बोगद्यात अडकला होता, त्याला पायाला धरून मागं ओढावं लागलं, आणि त्याची लेक चाकाच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती. आया एका कोपऱ्यात बसून निवांत चहा पितात. कितीतरी जणींना गरम चहा प्यायला मिळतो तो महिन्यातून तेवढाच, असं समृद्धी म्हणते.

एकदा असंच जुन्नरहून परत येताना सावळाराम, प्रयागबाई आणि आरोही गाडीत बसले होते. गाडीत ही गर्दी. कंडक्टर दारातून ओरडत होता, "पुढं चला, पुढं चला, आत जागा हाय, चला." आरोही खिडकीशी बसून त्याच्याकडं टक लावून बघत होती. आणि एकदम, स्पष्ट, गोड आवाजात म्हणाली, "चला."

प्रयागबाईंनी नवऱ्याचा दंड असा धरला की वळ उठला. "बोलली का वो?"

"चला," आरोही पुन्हा म्हणाली. आणि उभी असलेली माणसं खरंच दोन पावलं पुढं सरकली. सावळारामांनी खिडकीबाहेर तोंड केलं. वाऱ्यानं डोळ्यात काहीतरी गेलं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

तेव्हापासून तो एक शब्द ती मनापासून वापरते. आरती मध्यावर आली की म्हणते, चला. वाण्याच्या दुकानात मापाला उशीर झाला की, चला. परवा सरपंच ओसरीवर येऊन नुकते टेकले होते, पाण्याचा तांब्याही ओठाला लागला नव्हता, तोच आरोही समोर उभी राहिली. "चला." सरपंच बिचारे तांब्या ठेवून उठले, चपला घातल्या आणि फाटकापर्यंत पोचलेसुद्धा. प्रयागबाईंना पदर सावरत मागं पळावं लागलं.

"आवो, बसा! ती तसं म्हनती, पन तसं न्हाई!"

"न्हाई, कामं हायेतच म्हना," सरपंच म्हणाले आणि घड्याळ बघत मोटारसायकलला किक मारली.